शांतवनचा जबाब

“आन् त्यानं शपथाबी घातल्या?” सगुणाबाईंनी विचारलं.

“घातल्या,” मी म्हणाले. “स्वतःलाच शाप दिले आणि म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतही नाही.”

“तीन डाव?”

“तीन वेळा.”

“एका मोलकरणीला भिऊन!” सगुणाबाई म्हणाल्या. “येवढा होडी वल्हवणारा गडी!”

आम्ही सातजणी चर्चच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलो होतो. दुपारचे तीन वाजले होते. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की आंबेखडकच्या मिशन कंपाउंडात दर बुधवारी बायकांचा अभ्यासवर्ग भरत असे. त्या वर्षी आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातले शेवटचे अध्याय घेतले होते. येशूला धरून नेलं तिथपासून त्याला वधस्तंभावर दिलं तिथपर्यंत. वर्ग खरा पाळकबाईंचा. पण त्यांना कावीळ झाली आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कंपाउंडातल्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते, शिक्षकांच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत एकटी राहत होते आणि मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. मुलगा दौंडला रेल्वेत होता.

अध्याय वाचून दाखवायचं काम रत्नमाला मकासरेकडे असे. तिचा आवाज शांत आणि मोकळा होता. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या बुधवारी ती येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं, कारण चारच दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याला, शांतवनला, पोलिसांनी नेलं होतं. पण ती आली. डोक्यावरून पदर घेऊन नेहमीच्या जागी बसली आणि पेत्रानं आपल्या गुरूला कसं नाकारलं तो सगळा भाग तिनं एकदाही न अडखळता वाचला.

पाळकबाईंनी मला प्रश्नांची एक पुस्तिका दिली होती. तिच्यातला पुढचा प्रश्न मी वाचला. “पेत्राच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?”

 होसान्नाबाईंनी घसा साफ केला. त्यांचे यजमान मंडळीचे पंच होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आपोआप वजन येई.

“पेत्राचं सोडा,” त्या म्हणाल्या. “मला तर येशूचंच नवल वाटतं. मुख्य याजक इतकं विचारतोय, तर सांगून टाकावं की माणसानं. ज्याच्या मनात काही नाही तो कशाला गप्प बसेल?”

हे कुणाला उद्देशून होतं ते सातहीजणींना समजलं. रत्नमालानं बायबल मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

शांतवन हा सोसायटीच्या मोटारीवरचा माणूस. नदीचं पाणी वरच्या शेतांना चढवणारी एक मोठी मोटार नदीकाठच्या शेडमध्ये होती. ती चालू-बंद करायची, राखायची, हे त्याचं काम. गुरुवारी दिवेलागणीपासून आठ वाजेपर्यंतच्या अवधीत ती मोटार शेडमधून नाहीशी झाली. कुलूप तोडलेलं नव्हतं आणि किल्ली शांतवनकडे असे. त्या वेळी तो शेडवर नव्हता, हे वाटेनं जाणाऱ्या दोघांनी पाहिलं होतं. “मग होतास कुठं?” असं सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, पंचांनी विचारलं, शेवटी फौजदारांनी विचारलं. शांतवननं कुणालाही उत्तर दिलं नाही.

तो कुठं होता ते मला ठाऊक होतं. साडेसहापासून साडेआठपर्यंत तो माझ्या खोलीत होता.

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस शाळा सुटल्यावर तो माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. तिशीचा, उंच, हाताला ग्रीसचे डाग. त्याची मुलगी सुवार्ता माझ्या वर्गात होती. मला वाटलं, तिच्याबद्दल काही विचारायचं असेल.

“बाई, मला वाचायला शिकवाल?” तो म्हणाला.

मला आधी कळेचना. शांतवन सातवी पास आहे असंच सगळे समजत. चर्चमध्ये तो गीतांचं पुस्तक हातात धरून गात असे.

“पाठ आहेत सगळी,” तो म्हणाला. “आईनं शिकवलेली. लग्नाच्या वेळी मामानं सातवी पास सांगितलं. रत्नाच्या घरची शिकलेली माणसं. नंतर मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. नऊ वर्षं निभावलं. सही येते. पण आता पोरगी पाटी घेऊन येते. म्हणते, पप्पा, मी लिहिलेलं वाचा ना. परवा मी म्हटलं, चष्मा नाही गं. ती म्हणाली, पण पप्पा, तुम्हाला चष्मा कुठं आहे?”

हे सांगताना तो हसला, पण त्याचे डोळे जमिनीवर होते.

आठवड्यातून तीन दिवस तो दिवेलागणीला येऊ लागला. मोटार चालू करून यायचा, घरी सगळ्यांना वाटायचं शेडवर आहे. पहिले चार दिवस मी दार उघडं ठेवलं. पण बाहेरून कुणी चाललं की तो पुस्तक सतरंजीखाली सरकवायचा आणि घामाघूम व्हायचा. मग मी दार लोटून घेऊ लागले. कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं. “आणि रत्नाला तर मुळीच नाही, बाई. तिला कळलं तर मी तिच्यासमोर उभा राहू शकणार नाही.”

तर हे असं होतं. लोटलेल्या दाराआड दोन-दोन तास एक लग्न झालेला माणूस आणि लग्न ठरलेली मास्तरीण. त्याला मी बाराखडी शिकवत होते, यावर आंबेखडकमध्ये कोण विश्वास ठेवणार होतं? दौंडची माणसं ठेवणार होती? मी स्वतःला सांगत होते की मी वचन दिलंय. पण खरं सांगायचं तर मला वचनाची काळजी निम्मीच होती. उरलेली निम्मी माझी स्वतःची होती. रोज रात्री मी उशीत तोंड खुपसून हाच हिशेब मांडत होते.

शुक्रवारी, म्हणजे त्या वर्गानंतर दोन दिवसांनी, मी एक चिठ्ठी लिहिली. “शांतवन मकासरे निर्दोष आहे. चोरीच्या वेळी तो दुसरीकडे होता. कृपया त्यास त्रास देऊ नये.” खाली नाव घातलं नाही. पाकीट फाट्यावरच्या टपालपेटीत टाकून आले आणि घरी येऊन पोटभर जेवले. आठवड्याभरात पहिल्यांदाच.

पुढच्या बुधवारी मात्र मला त्या जेवणाची लाज वाटली.

त्या दिवशी पिलाताचा भाग होता. रत्नमाला ठाण्यावर डबा देऊन दोन मैल उन्हातून चालत आली होती. तिच्या ओठांची कातडी सुकली होती. सगुणाबाईंनी तिला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. ती प्यायली आणि वाचू लागली. येशूचा निवाडा करायला सुभेदार पिलात न्यायासनावर बसलेला, लोक ओरडताहेत, आणि इतक्यात त्याच्या बायकोचा निरोप येतो की त्या नीतिमान माणसाच्या भानगडीत पडू नका, त्याच्यामुळे मला स्वप्नात फार त्रास झाला आहे.

“थांब गं जरा,” सगुणाबाई म्हणाल्या. “ही पिलाताची बायको ना? तिला कळलं हुतं, ह्यो मानूस चांगलाय म्हनून?”

“हो,” मी म्हणाले.

“मंग ती आली न्हाई व्हय तिथं?”

“नाही. निरोप पाठवला.”

“निसता निरोप?” सगुणाबाई गावातल्या सुईण होत्या. निम्म्या आंबेखडकला त्यांच्या हातांनी जगात आणलं होतं आणि अक्षर एक येत नव्हतं. “घर तर तिथंच आसंल की. चार पावलं चालून याया काय झालं हुतं? चिठ्ठी धाडली, का मोकळी झाली! म्होरं काय झालं तिचं?”

“पुढं तिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.”

“कशाला लिवतील?” सगुणाबाई म्हणाल्या.

माझ्या कानशिलातून गरम वाफा निघत होत्या. पुस्तिकेतले प्रश्न मी कसेबसे उरकले. प्रार्थना सगुणाबाईंनी केली. वर्ग सुटल्यावर मी रत्नमालाजवळ गेले.

“कसे आहेत ते?”

“डावा कान दुखतो म्हणतात.” तिनं माझ्याकडे न बघता चप्पल पायात सरकवली. “शुक्रवारी पुन्हा कोर्टात उभं करणार. मग तिकडं मोठ्या तुरुंगात. कशावर तरी सही केलीय म्हणे ह्यांनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडमास्तरांना रजेचा अर्ज दिला आणि फाट्याकडे चालू लागले. साडी कोणती नेसावी यावर मी अर्धा तास घालवला होता, हेही सांगितलं पाहिजे. शेवटी पांढरी नेसले.

ठाणं म्हणजे तीन खोल्यांची कौलारू इमारत. पायरीवर रत्नमाला डबा घेऊन बसली होती. मला पाहून ती उभी राहिली. तिची नजर चुकवून मी तशीच आत गेले.

फौजदारांची दाढ दुखत होती. गालात लवंग धरून ते बोलत होते. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक पाकीट काढलं आणि माझी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली.

“हे अक्षर फळ्यावरचं,” ते म्हणाले. “मी वाटच बघत होतो, कुणीतरी बाई येईल म्हणून. बसा.”

मी बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. सांगताना मला आश्चर्य वाटलं, इतकं सोपं होतं ते. दहा मिनिटंही लागली नाहीत.

फौजदारांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग लवंग दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले, “बाई, तो चोर नाही हे मला पहिल्या दिवशी कळलं. शेडची दुसरी किल्ली चेअरमनच्या घरी खुंटीला असते. पण ते रोज दोनदा फोन करतात. मला वरून विचारतात. आणि हा बाबा तोंड उघडत नाही. मी तरी काय लिहू? शेडची किल्ली याच्याच ताब्यात होती, असा पंचनामा केलाय. त्याखाली लिहिलंय, ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’. आणि त्याची सही.”

“त्याला वाचताच येत नाही साहेब!”

“तेच म्हणतोय मी. हे जर त्यानं माझ्यासमोर कबूल केलं तर पंचनामा गेला केरात. तुमचा जबाब घेतो आणि त्याला आत्ता घरी पाठवतो. चेअरमनला मला सांगता येईल, माझ्या हातात काही उरलं नाही म्हणून.” त्यांनी हवालदाराला हाक मारली. “त्याला आणा. बाहेर त्याची बायको बसलीय, तिलाही आत घ्या. उगाच मागून काही नको.”

“तिला नको,” मी म्हणाले.

“का?”

 तोवर रत्नमाला दारात आली होती.

शांतवनला आणलं. बारा दिवसांत तो वाळून गेला होता. एक बाजू धरून चालत होता. त्यानं आधी बायकोला पाहिलं, मग मला. आणि मी तिथं का आहे हे त्याच्या लक्षात आल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्याकडे इतकं हताश होऊन त्याआधी कधी कुणी बघितलं नव्हतं.

“मकासरे,” फौजदार म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “ह्या बाई म्हणतात, गुरुवारी तू त्यांच्याकडं होतास. वाचायला शिकत होतास. खरं का?”

शांतवन जमिनीकडे बघू लागला.

“अरे, ‘हो’ म्हण. मी तुला सोडायला बसलोय इथं. वाचता येत नाही ना तुला? ‘नाही येत’ म्हण आणि घरी जा. डबा घरी जाऊन खा.”

शांतवननं रत्नमालाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. ती त्याच्याकडेच बघत होती.

“येतं वाचता,” तो म्हणाला.

फौजदारांनी मान मागं टाकली आणि कौलांकडे बघितलं. मग टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्याच्या हातात दिलं. “वाच. कुठलीही ओळ.”

त्यानं पेपर धरला. त्याचे ओठ हलू लागले. मला माहीत होतं, तो अक्षरं शोधतो आहे. मोठ्या मथळ्यातलं पहिलं अक्षर त्याला येत होतं, दुसरंही येत होतं. पाच मिनिटं दिली असती तर त्यानं तो शब्द लावला असता. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर अक्षरं जुळवत होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याच्या कपाळावर घाम जमला. मग त्यानं पेपरची व्यवस्थित घडी घातली, टेबलावर ठेवली आणि ताठ उभा राहिला.

“वाचता येतं साहेब. आणि ह्या बाईंना मी पोरीच्या शाळेत पाहिलंय फक्त. त्यांच्या खोलीवर मी कधी गेलो नाही. त्या दयाळू आहेत, म्हणून सांगत असतील. त्यांचं लग्न ठरलंय. त्यांचं नाव यात घेऊ नका.”

“शांतवन!” मी ओरडले. “काय बोलताय तुम्ही? साहेब, हे खोटं सांगताहेत. मी शपथ घेते, कुठल्याही पुस्तकावर हात ठेवून—”

“बाई,” फौजदार दमल्यासारखे म्हणाले, “आरोपीच म्हणतोय तुम्हाला ओळखत नाही. मी तुमची शपथ घेऊन काय करू?” त्यांनी हवालदाराला खूण केली. “न्या. आणि डबा द्या त्याला.”

तो जाताना रत्नमालाला म्हणाला, “घाबरू नको. सुवार्ताला जप.” तिनं मान हलवली.

बाहेर आम्ही दोघी पायरीवर बसलो.  आता हिला काय वाटत असेल? नवरा खरं बोलला असं वाटत असेल तर मी कोण ठरते? मी खरं बोलले असं वाटत असेल तर तो लोटलेल्या दाराआड काय करत होता? ऊन पायाशी आलं होतं. एक बकरी भिंतीवरचा कागद ओढून खात होती.

“जोडाक्षरं झाली होती का, बाई?” रत्नमाला म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

“सुरू केली होती,” मी म्हणाले. “आठवडा झाला होता.”

“मला वाटलंच. हल्ली झोपेत पुटपुटायचे. क ला त, क्त. त ला र, त्र.” ती बकरीकडे बघत बोलत होती. “मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. माहेरून पत्र आलं. मी चुलीपाशी होते, हात पिठाचे. म्हटलं, वाचून दाखवा. ह्यांनी पत्र उघडलं आणि वाचलं. सगळे खुशाल आहेत, पाऊस चांगला झाला, तुझी आठवण येते. छान वाचलं. मग ते गेल्यावर मी हात धुऊन पत्र बघितलं. माझी आजी गेली होती. मला जिनं वाढवलं ती आजी.”

“मग?”

“मग काय? रडले असते तर ह्यांना कळलं असतं. आठ दिवसांनी माहेरी गेले तेव्हा रडले. त्यानंतर कधीच काही वाचायला दिलं नाही ह्यांना. पत्र आलं की मीच म्हणायची, द्या मला, मला फार घाई झालीय. नऊ वर्षं.”

मी तिचा हात धरला. “मग चला आत! आत्ताच चला. सांगा फौजदारांना. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. बायको सांगतेय म्हटल्यावर पंचनामा—”

“मघाशीच सांगणार होते,” ती म्हणाली. “तोंडात आलं होतं. तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही पाहिलंत ना कसं बघितलं? माझ्यासमोर मान वर करून म्हणाले, येतं. मार खाऊन, कान फुटलेला, तरी माझ्यासाठी म्हणाले. आणि मी त्यांच्यासमोर म्हणू, नाही येत? मला कधीपासून ठाऊक आहे?”

“पण ते तुरुंगात जातील रत्नाबाई!”

“हो.”

ती उठली. दारापर्यंत गेली. मला वाटलं, आत जाते आहे. दारातून कोठडीचे गज दिसत होते आणि गजांमागे शांतवन डबा उघडून पाठमोरा बसला होता. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. एकदा तिनं चौकटीला हात टेकवला, पाऊल उचलल्यासारखं केलं. मग परत येऊन पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेतला.

“नाही जमत हो,” ती म्हणाली. “नाही जमत.”

मीच परत आत गेले. फौजदार दाढ काढायला जीपमधून गेले होते. हवालदार म्हणाला, उद्या कोर्टात या. मी दुसऱ्या दिवशी कोर्टातही गेले. चर्चनं दिलेल्या वकिलांनी माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आरोपी नको म्हणत असताना मला तुम्हाला उभं करता येणार नाही. खटला चालला तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा शांतवनला विचारून पाहिलं. तो नाहीच म्हणाला. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली.

मी ठाण्यात काय बोलले ते संध्याकाळच्या आत आंबेखडकमध्ये पोचलं होतं. कुणी पोचवलं ते मला कधी कळलं नाही. होसान्नाबाईंनी मला वाटेत पाहून पदर सावरला. दौंडहून दोन ओळींचं पत्र आलं. शाळेच्या कमिटीनं मला काही विचारलं नाही. जूनपासून दुसऱ्या गावच्या शाळेत बदली झाल्याचा कागद फक्त हातात दिला.

त्या आठवड्यानंतरच्या बुधवारी मी व्हरांड्यात सतरंजी घातली, तेव्हा कुणी येईल अशी मला आशा नव्हती. होसान्नाबाई आल्या नाहीत. त्यांच्याबरोबरच्या तिघी आल्या नाहीत. सगुणाबाई आल्या, तांब्या घेऊन. आणि थोड्या वेळानं रत्नमाला आली. समोरच्या नेहमीच्या जागी न बसता ती माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. कंपाउंडातल्या सगळ्या खिडक्यांतून दिसेल अशी.

वधस्तंभाचा भाग होता. तिनं वाचायला घेतला. अंधार पडला, तो मोठ्यानं ओरडला, त्यानं प्राण सोडला. इथपर्यंत ती वाचत गेली. मग त्याच्याबरोबर गालीलाहून आलेल्या पुष्कळ बायका दुरून हे पाहत होत्या, असं जिथं लिहिलं आहे तिथं तिचा आवाज पहिल्यांदा थांबला.

“काय करत हुत्या त्या?” सगुणाबाईंनी हळूच विचारलं.

“काही नाही,” रत्नमाला म्हणाली. “उभ्या होत्या.”

पुस्तिकेत त्यावर प्रश्न नव्हता. असता तरी मी विचारला नसता.

ती मोटार पुढच्या उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, चेअरमनच्या भाच्याच्या विहिरीच्या तळाशी सापडली. तोवर शांतवनची शिक्षा भोगून होत आली होती. कुणी केस पुन्हा उघडली नाही. मोटार गंजली होती, ती भंगारात गेली.

त्यानंतर मी त्या दोघांना एकदाच पाहिलं. शांतवन सुटून महिना झाला होता. मी नव्या गावाहून येत होते आणि तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाडी बदलायला उतरले होते. एका बाकापाशी पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी आणि त्यांच्यावर बसलेली सुवार्ता दिसली. शेजारी ते दोघं. आंबेखडक सोडून ते निघाले होते. चाकणकडे एका कारखान्यात पंपावरच काम मिळालं होतं.

“सलाम, बाई,” शांतवन म्हणाला. डाव्या बाजूनं बोललेलं त्याला ऐकू येत नव्हतं. त्यामुळे तो सारखं तोंड वळवत होता. माझ्या आईची तब्येत विचारली. माझी नवी शाळा कशी आहे ते विचारलं. बाकीचं काही त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. काय काढणार? रत्नमालानं पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या हातात दिले. तो तिला काही सांगून बसला होता का, ती त्याला काही बोलली होती का, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना.

एवढ्यात फलाटाला गाडी लागली. माणसं धावली. पाटी लांबूनही स्वच्छ दिसत होती. मी ती वाचली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात रत्नमालानं माझ्या दंडाला हात लावला.

शांतवन पुढं गेला होता. गाडीच्या नाकासमोर उभा राहून त्यानं मान वर केली. त्याचे ओठ हलायला लागले. एक अक्षर, मग दुसरं. कुणाचा तरी धक्का लागला, तो हलला नाही. गाडी भरली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर वाकून ओरडला, “ओ बाई, यायचंय का न्हाई? का नुसतं उभं राहायचंय?”

रत्नमालानं ट्रंकेची कडी धरली होती. तिनं दुसरा हात वर केला.

“थांबा जरा,” ती सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हे वाचतायत.”